फिगर स्केटरची कमाई: पदकाची किती, प्रतिमेची किती?

चाकं_आणि_बर्फ (जळगाव)

राम राम मंडळी. इथे खेळाच्या अर्थकारणातली जाणती माणसं आहेत म्हणून नेमकं विचारतो. जळगाव-भुसावळकडे रोलर स्केटिंग शिकणारी मुलं बरीच आहेत. त्यातल्या आर्टिस्टिक प्रकारातल्या मुलींचे पालक बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे व्हिडिओ बघतात आणि विचारतात, एवढा खर्च करणाऱ्या या खेळाडूंना पैसा येतो कुठून?

बक्षिसातून किती येतो आणि जाहिरातीतून किती? सुवर्णपदकवाली दोन वर्षांत लोकांच्या नजरेआड होते आणि रौप्य-कांस्यवाली दहा वर्षं टीव्हीवर दिसते, हे कसं घडतं? एखाद्या वादात नाव आलं की करारांचं नेमकं काय होतं? आणि शेवटी आपल्या कामाचं: १४ वर्षांच्या मुलीला इथल्या एखाद्या दुकानाने किंवा कंपनीने 'आमच्या जाहिरातीत ये, वर्षभर आमचा चेहरा हो' म्हटलं, तर कागदावर काय काय पाहायचं?

'मेहनत करा, पैसा आपोआप येतो' एवढ्याने पालकांचं समाधान होत नाही. आकडे आणि उदाहरणं द्या.

तापीकाठ (भुसावळ)

आधी बक्षिसाचा हिशेब मांडू, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

२०१८-१९ च्या मोसमाचे दर घ्या. ग्रां प्री म्हणजे दर मोसमात वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या स्पर्धांची मालिका. तीत एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात. तिथे पहिल्या क्रमांकाला १८,००० डॉलर, दुसऱ्याला १३,०००, तिसऱ्याला ९,०००, चौथ्याला ३,००० आणि पाचव्याला २,०००. सहाव्यापासून खाली काहीच नाही. जोडी असेल तर याच रकमेचे दोन वाटे होतात. ग्रां प्री फायनल जिंकली तर २५,००० आणि जागतिक अजिंक्यपद एकेरीत जिंकलं तर ६४,०००. म्हणजे ज्याने दोन्ही ग्रां प्री, फायनल आणि जागतिक स्पर्धा असं सगळं जिंकलं, त्याच्या हातात १,२५,००० डॉलर. आजच्या भावाने एक कोटीच्या थोडं वर. पण असा माणूस एका मोसमात जगात एखादाच, आणि तोही दर वर्षी निघत नाही. एका ग्रां प्रीत तिसरा आणि दुसरीत पाचवा आलेला खेळाडू जगातल्या पहिल्या पंधरा-वीसांत मोडतो. त्याला मिळतात ११,००० डॉलर, त्यातही कर कापून. अमेरिकेत स्पर्धा असेल तर परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के तिथेच कापले जातात.

खर्चाची बाजू बघा. बर्फाचं भाडं तासावर, प्रशिक्षकाची फी तासावर, वर्षाला दोन नवे कार्यक्रम (संगीतावरची सादरीकरणं, एक छोटं, एक लांब) बसवायचे म्हणून नृत्यदिग्दर्शक, संगीत कापून देणारा, फिजिओ. बूट आणि ब्लेड वेगळे विकत घ्यावे लागतात. तिहेरी-चौपट (हवेत तीन-चार फेऱ्यांच्या) उड्या मारणाऱ्याच्या बुटाचा घोटा मोसमाभरात मऊ पडतो, कधी त्याआधीच, कारण प्रत्येक उडी एका पायावर उतरते आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या एका बुटावर येतो. पोशाख हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. स्पर्धेला स्वतःचं आणि प्रशिक्षकाचं तिकीट. अमेरिकेत वरच्या पातळीवर वर्षाला ५०,००० ते १,००,००० डॉलर खर्च नेहमी सांगितला जातो.

ऑलिंपिकचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती पदकाला एक पैसा देत नाही. देतो तो त्या-त्या देशाचा निर्णय. अमेरिकेने २०१८ पासून सुवर्णाला ३७,५००, रौप्याला २२,५०० आणि कांस्याला १५,००० डॉलर ठेवले. चार वर्षांतून एकदा मिळणारी ही रक्कम एका वर्षाचा खर्चही भरून काढत नाही.

मग उरतं काय? संघटनेचा भत्ता, जाहिरातीचे करार, आइस शोची बिदागी, शिबिरं-शिकवणी आणि पुढे टीव्हीवरचं समालोचन. यातला भत्ता सोडला तर बाकी सगळं लोकांच्या मनातल्या प्रतिमेवर मिळतं. शोचा आयोजक तुमचे गुण बघत नाही, तुमच्या नावावर किती तिकिटं जातील ते बघतो. म्हणून या खेळात प्रतिमेला जोडकमाई म्हणणं चूक आहे. बहुतेकांची मुख्य कमाई तीच.

जपानची पद्धत मात्र वेगळी आणि मला वाटतं सगळ्यांत शहाणपणाची. तिथे कंपनी खेळाडूला आपल्याकडे संलग्न करून घेते: युझुरू हान्यू एएनए विमान कंपनीकडे होता, शोमा उनो टोयोटाकडे, काओरी साकामोतो कोबेच्या सिस्मेक्सकडे. भुसावळच्या माणसाला रेल्वेतली खेळाडू भरती ठाऊक आहे, त्याच्याजवळ जाणारं हे. एखादा मोसम वाईट गेला तरी महिन्याची चूल पेटती राहते, आणि खेळाडूला मिळेल ती जाहिरात घ्यावी लागत नाही.

सराफकट्टा

तापीकाठ भाऊंचा हिशेब बरोबर आहे. मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बघतो, सुवर्णवाली मागे आणि रौप्यवाली पुढे का.

अमेरिकेची मिशेल क्वान बघा. ऑलिंपिक सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. १९९८ ला नागानोत रौप्य, २००२ ला सॉल्ट लेक सिटीत कांस्य. पण पाच वेळा जगज्जेती, नऊ वेळा अमेरिकेची विजेती. कोका-कोला, व्हिसा, डिस्ने हे तिच्या पाठीशी होते. दोन्ही वेळा तिच्या पुढे गेलेल्या मुलींचं काय झालं? १९९८ ची विजेती तारा लिपिन्स्की पंधराव्या वर्षी, पदकानंतर दोन महिन्यांत, व्यावसायिक शोकडे वळली. २००२ ची विजेती सारा ह्यूज सोळा वर्षांची होती. सुवर्ण मिळाल्यावर सुमारे वर्षभराने ती स्पर्धेतून बाजूला झाली आणि येल विद्यापीठात शिकायला गेली. माणूस म्हणून अगदी योग्य निर्णय, पण जाहिरातदाराला हवी असते दर वर्षी टीव्हीवर येणारी व्यक्ती. क्वान दहा वर्षं दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत दिसत होती. हरली तरी तिचं वागणं लोकांना आवडायचं. कंपनीने विकत घेतलं ते हे सातत्य.

ताराचं पुढचं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून ती जॉनी वेअर या माजी स्केटरबरोबर अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर समालोचन करते. म्हणजे पहिली प्रतिमा 'चिमुकली विजेती', दुसरी 'खेळातलं कळणारी आणि बिनधास्त बोलणारी'. एका प्रतिमेची मुदत संपली तेव्हा तिच्याकडे दुसरी तयार होती.

जुनं उदाहरण डोरोथी हॅमिलचं. १९७६ ला इन्सब्रुकमध्ये सुवर्ण, पण अमेरिकेत गाजला तो तिचा आखूड केसांचा कट. फिरकी घेताना केस पसरायचे आणि थांबताच जागेवर बसायचे. क्लेरॉलच्या शाम्पूची जाहिरात तिला मिळाली ती त्या केसांमुळे. इथे एक नियम दिसतो: वस्तू आणि खेळाडू यांच्यात प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसणारा संबंध असला की जाहिरात टिकते.

आणि सगळ्यांत मोठं उदाहरण दक्षिण कोरियाच्या किम युनाचं. २०१० ला व्हँकुव्हरमध्ये सुवर्ण. त्या वर्षी फोर्ब्सने तिची कमाई ९७ लाख डॉलर धरली होती आणि महिला खेळाडूंच्या जागतिक यादीत तिला वरचं स्थान दिलं होतं. बक्षिसाची रक्कम त्यात किती, हे वरच्या हिशेबावरून काढा. सॅमसंग, ह्युंदाई, केबी बँक अशी नावं. सॅमसंगने २००९ मध्ये तिच्या नावाचा फोन काढला, म्हणजे ऑलिंपिक सुवर्णाच्या आधी! हे आधी फार महत्त्वाचं आहे. ऑलिंपिकच्या वर्षाच्या जाहिराती आदल्या उन्हाळ्यातच चित्रित होतात, त्यामुळे बहुतेक मोठे करार पदकाच्या निकालावर नव्हे, अपेक्षेवर होतात. अमेरिकेचा नेथन चेन २०१८ ला कोका-कोला आणि केलॉग्जचे करार घेऊन प्योंगचांगला गेला, तिथे छोट्या कार्यक्रमात सतरावा आला आणि अखेर पाचवा. करार तोवर झालेले होते. सुवर्ण त्याला चार वर्षांनी बीजिंगमध्ये मिळालं.

युनाने २०१० मध्येच आईबरोबर स्वतःची व्यवस्थापन कंपनी काढली आणि आइस शोही त्याच कंपनीचे. नाव तिचं, शो तिचा, मधला वाटेकरी नाही. हान्यूने २०२२ मध्ये स्पर्धा सोडल्यावर हीच दिशा धरली. २६ फेब्रुवारी २०२३ ला टोकियो डोममध्ये त्याने एकट्याचा शो केला, ३५,००० च्या आसपास प्रेक्षक. ज्याच्या नावावर एवढी माणसं तिकीट काढतात, त्याला गुण देणाऱ्या पंचांची गरज उरत नाही.

केळीबाग_रावेर

सगळं खरं शे भाऊ, पण तुम्ही मंडळी पोरींना चुकीचं शिकवाल अशी भीती वाटते. किम युना काय, हान्यू काय, आधी जगात पहिले आले, मग कंपन्या आल्या. आधी उडी नीट बसू द्या. प्रतिमेचं नंतर बघता येईल.

सराफकट्टा

दादा, उडी आधीच, यात वाद नाही. क्वानचे पाच जागतिक किताब काही चेहऱ्यावर मिळालेले नाहीत. पण उडी बसली म्हणजे पैसा आलाच, हेही खरं नाही. अमेरिकेच्या टोन्या हार्डिंगने १९९१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ट्रिपल अॅक्सेल (साडेतीन फेऱ्यांची उडी) मारली. तोवर एकाही अमेरिकी बाईला स्पर्धेत ती जमली नव्हती. तरी मोठे करार तिच्या वाट्याला फारसे आले नाहीत. का, ते वकीलसाहेब जास्त नीट सांगतील, वादाचा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला आहे.

काळा_कोट_धुळे

सांगतो. हे प्रकरण करारांच्या दृष्टीने वाचलं तर आजही त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या जाहिरातदारांना स्केटर म्हणजे बॅलेतली राजकन्या हवी होती. हार्डिंगची घरची परिस्थिती ओढाताणीची, पोशाख घरी शिवलेले, बोलणं रोखठोक. तिची प्रतिस्पर्धी नॅन्सी केरिगनही श्रीमंत घरातली नव्हती, वडील वेल्डर होते. पण ती त्या चौकटीत बसली. डिझायनर व्हेरा वँगने तिचे पोशाख केले, १९९४ च्या एका पोशाखाची किंमत १३,००० डॉलर सांगितली जाते. कॅम्पबेल सूप, सीको घड्याळं, एव्हियन पाणी हे तिच्याकडे होते. दोघींच्या पदकांत जमीन-अस्मानाचा फरक नव्हता, करारांत होता.

६ जानेवारी १९९४ ला डेट्रॉइटमध्ये सराव संपवून बाहेर येताना केरिगनच्या पायावर दांडक्याने हल्ला झाला. कटात हार्डिंगचा पूर्वीचा नवरा होता. सात आठवड्यांनी लिलेहॅमर ऑलिंपिकला दोघीही उतरल्या. २३ फेब्रुवारीच्या प्रसारणाला अमेरिकेत ४८.५ रेटिंग मिळालं, म्हणजे टीव्ही असलेल्या जवळपास निम्म्या घरांत ते चालू होतं. केरिगनला रौप्य, हार्डिंग आठवी. १६ मार्चला हार्डिंगने तपासात अडथळा आणण्याच्या कटाचा गुन्हा कबूल केला. १,००,००० डॉलर दंड, तीन वर्षं प्रोबेशन, ५०० तास समाजसेवा. जूनमध्ये अमेरिकेच्या स्केटिंग संघटनेने १९९४ चा राष्ट्रीय किताब काढून घेतला आणि आजन्म बंदी घातली. बंदीमुळे स्पर्धा गेली, आणि नावामुळे मोठे शोही दुरावले.

केरिगनचं पुढे काय झालं तेही बघा, तिथे धडा जास्त बारीक आहे. डिस्नेशी तिचा मोठा करार झाला. समारोप सोहळा टाकून ती फ्लोरिडात डिस्नेच्या मिरवणुकीला गेली आणि तिथे 'हे किती बाष्कळ आहे' अशा अर्थाचे तिचे शब्द मायक्रोफोनने टिपले. गुन्हा नाही, नियमभंग नाही, पण दोनच महिन्यांपूर्वी जिच्यासाठी देश हळहळला तिच्यावर टीकेची झोड उठली. प्रतिमा सहानुभूतीवर उभी असेल तर ती फार लवकर उलटते, कारण लोकांना वाटतं आपण दिलेलं आपण परत घेऊ शकतो. कामगिरीवर उभी असलेली प्रतिमा त्यामानाने चिवट असते.

आता कागदाचं. जाहिरात करारात वर्तनाचं एक कलम असतं. खेळाडूच्या वागण्याने कंपनीची बदनामी झाली तर करार रद्द. सगळा जीव त्याच्या शब्दांत असतो. 'न्यायालयात दोषी ठरल्यास', 'गुन्हा दाखल झाल्यास' आणि 'कंपनीच्या मते प्रतिष्ठेला बाधा आल्यास' या तीन पायऱ्या आहेत. तिसरी लिहिली असेल तर एका खोट्या व्हायरल व्हिडिओवरही करार जातो. खेळाडूच्या बाजूने पहिलीचा आग्रह धरावा, निदान 'स्वतंत्र चौकशीत सिद्ध झाल्यास' एवढं तरी मिळवावं.

चौकशी चालू असतानाचं काय, हे वेगळं लिहून घ्यायचं. रशियाच्या कमिला व्हालियेव्हाचा उत्तेजक द्रव्याच्या चाचणीचा नमुना २५ डिसेंबर २०२१ ला घेतला गेला, निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐन बीजिंग ऑलिंपिकमध्ये बाहेर आला, तेव्हा ती १५ वर्षांची होती. क्रीडा लवादाचा अंतिम निर्णय आला २९ जानेवारी २०२४ ला: चार वर्षांची बंदी. मधली दोन वर्षं सगळे अधांतरी. बीजिंगला तिचा संघ पहिला आला होता, ते सांघिक सुवर्ण अखेर अमेरिकी संघाच्या गळ्यात पडलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसमध्ये. पदकाच्या आसपास जो काळ जाहिरातीला सोन्याचा असतो तो त्यांचाही गेलाच. म्हणून करारात असं असावं: चौकशीच्या काळात नवे हप्ते थांबतील, पण करार तुटणार नाही आणि आधी दिलेले पैसे परत मागितले जाणार नाहीत. निर्दोष सुटल्यास थांबलेले हप्ते मिळतील.

शहादा_ताई

या चर्चेत एक गोष्ट राहते आहे. 'प्रतिमा' म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी आधीच ठरवलेला साचा. त्यात न बसणाऱ्यांचं काय झालं तेही मुलींना सांगा.

क्रिस्टी यामागुचीने १९९२ ला सुवर्ण जिंकलं तेव्हा अमेरिकेत जपानी मालाविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. ती जन्माने अमेरिकी, पण जपानी वंशाची म्हणून कंपन्या कचरतील का, अशी उघड चर्चा वर्तमानपत्रांत झाली. सूर्या बोनाली फ्रान्सची, पाच वेळा युरोपची विजेती, १९९३ ते १९९५ सलग तीन वेळा जागतिक रौप्य. ती कृष्णवर्णीय, ताकदीने स्केट करणारी. तिच्या स्केटिंगला 'सुकुमार नाही' म्हणणारे पुष्कळ होते. १९९८ ला नागानोत तिने बंदी असलेली उलटी कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. गुण कापले गेले, दहावी आली. पण तीच कोलांटी पुढे शोमध्ये तिची ओळख झाली आणि तिला वर्षानुवर्षं काम मिळालं. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने कोलांटीवरची बंदी उठवली. पंचांना न रुचलेली गोष्ट प्रेक्षकांनी पैसे देऊन पाहिली, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

जॉनी वेअर तीन वेळा अमेरिकेचा विजेता. २०१० मध्ये स्टार्स ऑन आइस या आइस शोच्या दौऱ्यात त्याला घेतलं नाही, तेव्हा 'कुटुंबाने पाहण्यासारखा नाही' या कारणाने वगळल्याचा जाहीर आरोप एका समलिंगी हक्क संघटनेने केला. आयोजकांनी तो नाकारला. त्याच वर्षी पोशाखावर खऱ्या कोल्ह्याची फर लावल्याने प्राणीप्रेमींकडून त्याला धमक्या आल्या आणि ऑलिंपिकला नकली फर लावावी लागली. आज त्याच भडक, मोकळ्या व्यक्तिमत्त्वावर त्याचं समालोचन चालतं. २०१८ मध्ये अॅडम रिपन उघडपणे समलिंगी म्हणून ऑलिंपिकला उतरला आणि त्याच वर्षी अमेरिकी टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकला. आठ वर्षांत बाजार एवढा सरकला.

आणि सगळ्यांत काळजीचं. अमेरिकेची ग्रेसी गोल्ड, आडनावच गोल्ड. २०१४ च्या आसपास कव्हरगर्ल (सौंदर्यप्रसाधनांची कंपनी), नाइकी, व्हिसा असे मोठे करार. 'सोनेरी मुलगी' ही प्रतिमा. २०१७ मध्ये तिने नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारावर उपचारांसाठी खेळ थांबवला. हा विकार या खेळात पुष्कळ दिसतो, कारण वजन कमी तर उडीत फिरणं सोपं, आणि वरून कॅमेरा. चौदा वर्षांच्या मुलीच्या करारात वजन, मापं, 'सडपातळ राहील' असा एकही शब्द असता कामा नये. असेल तर कितीही पैसा असू द्या, सही करू नका. वाढत्या मुलीचा बांधा दर सहा महिन्यांनी बदलतो, तो बदलूच द्यायचा असतो.

वयाचाही मुद्दा आहे. अलिना झागितोवा १५ व्या वर्षी २०१८ ची विजेती, १७ व्या वर्षी २०१९ च्या डिसेंबरात स्पर्धा थांबवली. एवढ्या छोट्या कारकिर्दीत जाहिरातदार दीर्घ करार का करेल? आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेलं. मुलींच्या शरीरासाठी ते बरंच झालं, आणि प्रेक्षकांना खेळाडूची ओळख व्हायलाही वेळ मिळतो. अलिसा लिऊने २०२२ मध्ये सोळाव्या वर्षी खेळ सोडला, दोन वर्षांनी स्वतःच्या अटींवर परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. केसांना रंगाचे पट्टे, हसत खेळणारी. साच्यात बसवलेली नाही, म्हणून तर लोकांना ती भावते.

चाकं_आणि_बर्फ (जळगाव)

ताई, वजनाचं कलम वहीत लिहून ठेवलं. तापीकाठ भाऊ, एक शंका: स्पर्धेत पोशाखावर कंपनीचं नाव कधी दिसत नाही, मग कंपनीला मिळतं काय? आणि वकीलसाहेब, इथल्या कागदाचं राहिलं आहे.

तापीकाठ (भुसावळ)

पोशाखावर लोगो नसतो. जागा असते ती वॉर्मअप जॅकेटवर, सरावाच्या कपड्यांवर आणि गुणांची वाट बघत बसतात त्या बाकावर. तिथे कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर असतो आणि खेळाडू हातात काय धरतो, काय पितो, हे सगळं जग बघतं. हान्यूचा विनी द पूचा टिश्यू बॉक्स तिथूनच जगभर गाजला. पण ऑलिंपिकमध्ये तो बॉक्स त्याने आणला नाही, कारण तिथे अधिकृत प्रायोजकांखेरीज कोणाचं चिन्ह चालत नाही. चाहत्यांनी मात्र बर्फावर पूच्या बाहुल्यांचा पाऊस पाडला.

ऑलिंपिकच्या काळात खेळाडूच्या स्वतःच्या प्रायोजकांनी त्याचं नाव वापरण्यावरही बंधन असतं. व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यावर बोट ठेवलं, तेव्हापासून ते बरंच सैल झालं. करारात 'ऑलिंपिकच्या दिवसांत दररोज एक पोस्ट' असं लिहिलं असेल तर कंपनी आणि खेळाडू दोघंही अडचणीत येतात. आपल्या मुलींना तूर्त हा प्रश्न नाही. चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग ऑलिंपिकमध्ये नाही, त्याची सर्वोच्च संस्था वर्ल्ड स्केट. आपल्या अनुप कुमार यामाने २०१० च्या आशियाई खेळांत त्यात दोन कांस्यपदकं घेतली आणि पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. राज्य संघटनेच्या स्पर्धेत जॅकेटवर काय चालतं, एवढं मात्र प्रवेशपत्राबरोबरच्या नियमांत आधी वाचा.

काळा_कोट_धुळे

इथल्या कागदाचं सांगतो. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार आपल्या १८७२ च्या करार कायद्याने टिकत नाही. सही पालकांची, पालक म्हणून, आणि मुलीच्या नावाचा स्पष्ट उल्लेख. मुदत एक वर्ष. 'कंपनीच्या इच्छेनुसार नूतनीकरण' हे शब्द खोडा, 'दोघांच्या लेखी संमतीने' लिहा. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर फोटोंचे हक्क संपतील असं एक वाक्य असू द्या, नाहीतर बारा वर्षांपूर्वीचा फोटो फलकावर झळकत राहतो आणि काढायला सांगायचा अधिकार कोणाकडे नसतो.

बंधन फक्त त्या मालापुरतं. सराफाच्या जाहिरातीत असाल तर दुसऱ्या सराफाकडे जाणार नाही, एवढंच. 'इतर कोणतीही जाहिरात करणार नाही' असं असेल तर बुटाची, शाळेची, बँकेची वाट बंद होते. दिवस मोजून लिहा: चित्रीकरण किती, दुकानाच्या उद्घाटनाला हजेरी किती, इन्स्टाग्रामवर पोस्ट किती. परीक्षा आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे मोकळे. दुखापत झाली तर पैसे कापले जाणार नाहीत, काम पुढे ढकललं जाईल.

वर्तनाचं कलम दोन्ही बाजूंनी हवं. कंपनीवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला तर खेळाडूला बाहेर पडता यावं. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांच्या ठेवी बुडाल्याचं दुःख घराघरात आहे. अशा संस्थेच्या फलकावर मुलीचा फोटो राहिला तर लोक तिलाही सोडत नाहीत. ठेवी गोळा करणाऱ्याची, खाजगी योजनेची जाहिरात मुलीने करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि त्याच नावाच्या 'इलायची'ची आडून जाहिरात २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा वस्तू घेऊन पोस्ट टाकली तर त्यावर 'जाहिरात' हा शब्द ठळक, पोस्टच्याच भाषेत हवा.

सराफकट्टा

दोन गोष्टी व्यापाऱ्याच्या बाजूने. कंपनीकडे अर्ज करताना सीएसआर (कंपनीने सामाजिक कामासाठी काढलेला पैसा) आणि जाहिरात यांची सरमिसळ करू नका. ऑलिंपिक आणि राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळांच्या प्रशिक्षणाला सीएसआरमधून पैसा देता येतो, पण त्या बदल्यात कंपनीला जाहिरातीचा फायदा मिळत असेल तर २०२१ च्या नियमांनी तो खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. 'वर्गाला लाकडी फ्लोअर बसवून द्या' हे एक पत्र आणि 'मुलगी तुमच्या जाहिरातीत येईल' हे दुसरं पत्र. दोन्ही एकाच पानावर लिहिलंत की कंपनीचा सीए दोन्ही फेटाळतो.

दुसरं कराचं. मुलीने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते तिचं स्वतंत्र धरतात. म्हणून तिचं पॅन आधी काढा आणि पैसे तिच्याच खात्यात घ्या. रोख घेऊ नका. बूट, प्रवास, राहणं अशा वस्तुरूप मदतीचं मूल्य वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेलं तर कंपनीला त्यावरही १० टक्के टीडीएस भरावा लागतो. तो कोण सोसणार, हे ठरवून करारात लिहा. नाहीतर बूट हातात पडल्यावर महिन्याभराने टीडीएसची मागणी करणारं पत्र येतं, आणि तोवर बूट घालून घासलेले असतात, परत करता येत नाहीत.